‘भिऊ नको’ हे अर्धे वचन

वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे भीतीविषयी आहेत. पहिल्या पत्राच्या उत्तराने बरीच जागा घेतली आहे, त्याबद्दल उरलेल्या दोन वाचकांनी राग मानू नये. त्यांना सांगावयाचे ते काही अंशी त्याच उत्तरात येऊन गेले आहे.

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सलाम. माझे वय सत्तेचाळीस आहे. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगासाठी माझी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर केमो आणि रेडिएशनही पूर्ण झाले. डॉक्टर म्हणतात की आता सर्व ठीक आहे. तरीही तपासणीची तारीख जवळ आली की आठ दिवस आधीपासून माझी झोप उडते आणि हात गार पडतात. रिपोर्टचे पाकीट उघडण्याचे धाडस होत नाही, म्हणून ते मी मुलाच्या हातात देते. गेल्या महिन्यात आमच्या घरगुती प्रार्थनासभेत मी हे बोलून दाखवले. तेव्हा एक ज्येष्ठ बंधू म्हणाले की भीती म्हणजेच अविश्वास, आणि पवित्र शास्त्रातील प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात अग्निसरोवरात टाकल्या जाणाऱ्यांच्या यादीत पहिला क्रमांक भेकडांचा आहे. त्या दिवसापासून मला आजाराची भीती वाटते आणि देवाचीही वाटू लागली आहे. माझा विश्वास खोटा आहे का?
– एक भगिनी, नाशिक रोड

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम. आपल्या दोन भीतींपैकी दुसरी आपल्याला बाहेरून आणून दिलेली आहे, म्हणून आधी तिचा निकाल लावू.

प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातील आठव्या वचनात ‘भेकड’ हा शब्द आहे आणि यादीत तो पहिला आहे, हे त्या बंधूंनी सांगितले ते खरेच आहे. मात्र वचन उचलून दुसऱ्याच्या अंगावर टाकण्यापूर्वी ते कोणाला उद्देशून लिहिले होते, हे पाहण्याची तसदी घ्यावी लागते. हे पुस्तक आशिया प्रांतातील सात मंडळ्यांना लिहिलेले आहे, आणि त्या मंडळ्यांतील माणसांपुढे प्रश्न असा होता की रोमी सत्तेच्या धाकाने ख्रिस्ताचे नाव टाकून देऊन आपला जीव आणि धंदा वाचवायचा, की जे होईल ते सोसून ते नाव धरून राहायचे. त्या संदर्भात भेकड म्हणजे भीतीपोटी ज्याने आपला धनी बदलला तो. तपासणीच्या आदल्या रात्री जिच्या डोळ्याला डोळा लागत नाही आणि तरीही जी सकाळी उठून, केस विंचरून, फाइल पिशवीत घालून दवाखान्याच्या पायऱ्या चढते, तिला त्या यादीत बसवायचे तर वचन मोडावे लागेल.

याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात योहान प्रभूला पाहतो आणि मेल्यासारखा त्याच्या पायांशी पडतो. म्हणजे या ग्रंथातला पहिला घाबरलेला मनुष्य खुद्द त्याचा लेखक आहे. प्रभू त्याला काय करतो? आपला उजवा हात त्याच्यावर ठेवतो आणि मग म्हणतो, भिऊ नको. आधी हात, नंतर शब्द. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पुढे मला पुन्हा त्याच्याकडे यावयाचे आहे.

आता त्या शब्दाविषयी थोडे. मूळ ग्रीक भाषेत ‘भेकड’ या ठिकाणी ‘डेइलोस’ हा शब्द आहे. नव्या करारात तो मोजक्याच ठिकाणी आढळतो, आणि त्यांपैकी एक ठिकाण आपल्या चांगल्याच ओळखीचे आहे. वादळात सापडलेल्या नावेतील शिष्यांना प्रभूने ‘तुम्ही इतके भित्रे कसे?’ असे विचारले, तेथे हाच शब्द वापरलेला आहे. ज्यांना त्याने हा शब्द लावला त्यांना त्याने पलीकडच्या तीरावर उतरवून घरी पाठवून दिले नाही, त्यांनाच पुढे प्रेषित केले. तेव्हा त्या बंधूंना हा शब्द आपल्याला लावावयाचाच असेल, तर त्यांनी तो पेत्र आणि योहान यांच्या पंक्तीला बसवून लावावा. माझी काही हरकत नाही.

त्या वादळाजवळ थोडे थांबू या. गालीलचा समुद्र म्हणजे खरे तर गोड्या पाण्याचा तलाव. तो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली आहे आणि भोवती डोंगर असल्यामुळे उंचावरचा गार वारा दऱ्यांतून एकदम खाली घसरतो व पाहता पाहता पाणी खवळते. नावेतील शिष्यांपैकी निदान चौघे याच पाण्यावर लहानाचे मोठे झालेले कोळी होते. गोदावरीला पूर आला की आपल्याकडे पुलावर उभे राहून लोक नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात, पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले, छातीला लागले असे एकमेकांना सांगतात. काठावरचा दुकानदार मात्र मोजत उभा राहत नाही, तो पहिल्याच इशाऱ्याला माल वर चढवू लागतो, कारण ते पाणी एकदा त्याच्या दुकानात शिरलेले असते. ज्याने पाणी पाहिले आहे त्याच्या भीतीला अडाणीपणा म्हणता येत नाही. आपल्याही दुकानात एकदा पाणी शिरून गेले आहे, भगिनी. तपासणीच्या तारखेला आपले हात गार पडतात ते त्यामुळे. रिपोर्टची अशी भीती बरे झालेल्या असंख्य रुग्णांना वाटते आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना ती चांगली ठाऊक असते.

प्रभूने त्या शिष्यांना रागे भरले, हे मी लपवणार नाही. पण केव्हा भरले ते पाहावे. तो नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोके टेकून झोपला होता. ‘गुरुजी, आपण बुडत आहोत, याची तुम्हांला काळजी नाही काय?’ असे शिष्य त्याला जवळजवळ ओरडून विचारतात. ही काही आदर्श प्रार्थना नव्हे, तिच्यात तक्रार आहे आणि उद्धटपणाही आहे. तरीही तो उठतो, वाऱ्याला धमकावतो, पाणी शांत होते, आणि त्यानंतरच तो त्यांना प्रश्न विचारतो. आपण मंडळीत बहुधा उलट करतो: वादळ तसेच चालू राहते आणि आपला प्रश्न मात्र विचारून झालेला असतो.

आता ‘भिऊ नको’ या शब्दांविषयी. वर्षाच्या दर दिवसाला एक याप्रमाणे पवित्र शास्त्रात हे शब्द ३६५ वेळा आले आहेत, असे अनेक व्यासपीठांवरून सांगितले जाते. तरुणपणी मीही ते सांगितले आहे. पुढे एका उन्हाळ्यात शास्त्रातील शब्दांची सूची घेऊन मोजायला बसलो, तेव्हा आकडा काही केल्या जुळेना, आणि मी ते सांगणे सोडले. मोजताना मात्र दुसरीच एक गोष्ट ध्यानात आली. हे शब्द सहसा एकटे येत नाहीत, त्यांच्या मागोमाग ‘कारण’ किंवा कारणासारखे काहीतरी येते. अब्राहामाला भिऊ नको म्हटले, तेव्हा लगेच ‘मी तुझी ढाल आहे’ असे सांगितले. यशयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे, असे आहे. यिर्मयाला आणि यहोशवालाही तेच सांगितले आहे. म्हणून ‘भिऊ नको’ हे अर्धे वचन आहे. ‘मी तुझ्याबरोबर आहे’ हा उरलेला अर्धा भाग जो मनुष्य वगळतो, त्याने वचन सांगितले असे मी मानत नाही. त्याने केवळ हुकूम सोडला.

हे मला पुस्तकातून कळले असे म्हणणे खोटे ठरेल. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या पत्नीची एक मोठी शस्त्रक्रिया झाली. ती अपेक्षेपेक्षा फार लांबली आणि रात्र पडली तरी आतून काहीच निरोप येईना. मी पाळक असल्यामुळे मंडळीतील पुष्कळ जण भेटून गेले. ‘पाळकसाहेब, भिऊ नका, प्रभू समर्थ आहे,’ असे प्रत्येकाने म्हटले आणि प्रत्येक जण साडेनऊच्या सुमारास आपापल्या घरी गेला. ज्या मनुष्याने शेकडो घरी जाऊन हेच वाक्य उच्चारले होते, त्याला त्या रात्री ते कानावर आपटून खाली पडताना ऐकू येत होते. आमच्या चर्चची घंटा वाजवणारे एक वयस्क गृहस्थ मात्र थांबले. ते एक शब्दही बोलले नाहीत. माझ्या मांडीवर औषधांच्या पावत्या, चिठ्ठ्या आणि रक्तपेढीचा कागद असा चुरगळलेला ढीग पडला होता. तो त्यांनी उचलला, बाकावर एकेक कागद तळव्याने दाबून सरळ केला, तारखेप्रमाणे लावला आणि खिशातील सुतळीने बांधून मला परत दिला. मग त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला. पहाटे चार वाजता आतून परिचारिका आली, तेव्हा तो चहा तसाच गार होऊन पडला होता आणि ते माझ्या शेजारी ताठ बसलेले होते. माझी भीती गेली होती का? नाही. परंतु मी पळून गेलो नव्हतो आणि देवाला टाकूनही बोललो नव्हतो, आणि त्याचे श्रेय मला माझ्या विश्वासापेक्षा त्या सुतळीला द्यावेसे वाटते.

पौलाविषयी आपली समजूत अशी असते की तो कशालाच डगमगत नसे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो स्वतः लिहितो की मासेदोनियात आल्यावर बाहेर भांडणे होती आणि आत भीती होती. पुढे तो असे लिहीत नाही की मग मी गुडघे टेकले आणि भीती निघून गेली. तो लिहितो की दीनांचे सांत्वन करणाऱ्या देवाने तीताच्या येण्याने आमचे सांत्वन केले. देवाने सांत्वन केले, आणि ते कसे, तर एक मनुष्य प्रवास करून आला. गेथशेमाने बागेत तर प्रभूच व्याकूळ झाला आहे. आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे हे तो तिघा शिष्यांजवळ उघडपणे बोलतो आणि त्यांच्याकडे एवढेच मागतो की येथे थांबा आणि जागे राहा. ते झोपी गेले, ही निराळी गोष्ट. ज्याच्यावर आपण विश्वास ठेवतो त्यानेच भीतीच्या घटकेला सोबत मागितली असेल, तर आपण ती मागितली म्हणून आपला विश्वास खोटा कसा ठरेल?

आपण नाशिकच्या आहात, म्हणून आपल्याच गावातील एका ख्रिस्ती मनुष्याची गोष्ट सांगतो. ती शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना माहीत असते. आज तेथे दुकाने, बँका आणि सिग्नलला तुंबलेल्या रिक्षा आहेत, पण त्या नावातील ‘शरण’ फुकाचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने तेथे ख्रिस्ती वसाहत वसवली, आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जात असताना ब्रिटिश आरमाराने सोडवलेली मुले मुंबईमार्गे तेथे आणली जाऊ लागली. ती तेथे लिहावाचायला आणि हाताचे काम करायला शिकली. जेकब वेनराइट हा त्यांच्यापैकी एक. १८७२ साली आफ्रिकेत फिरणारे मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी जी माणसे आफ्रिकेत पाठवण्यात आली, त्यांत शरणपूरला शिकलेले काही तरुण होते व त्यांत जेकब होता. पुढच्याच वर्षी, मे महिन्याच्या प्रारंभी, आजच्या झांबिया देशातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावले. त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. अंत्यविधीची उपासना जेकबने वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख त्यानेच कोरली. नंतर सुसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांच्या पुढारपणाखाली या मंडळींनी वाळवलेला देह उचलला आणि दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर चालत, काही महिन्यांनी तो समुद्रकिनाऱ्यावर आणला.

वाटेत आजारपण होते, आणि परके प्रेत आपल्या मुलखातून नेऊ देण्यास गावोगावच्या लोकांची तयारी नव्हती. ज्या रस्त्यांवरून गुलामांचे तांडे किनाऱ्याकडे हाकले जात, त्यांपैकीच एका रस्त्याने गुलामगिरीतून सुटलेला हा तरुण चालत होता. त्यांना भीती वाटत नव्हती असे मी म्हणणार नाही, कारण त्यांनी केलेली युक्ती निराळेच सांगते. एका ठिकाणी त्यांनी देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधला, काटक्या गुंडाळून दुसरेच एक खोटे प्रेत तयार केले, ते परत पाठवत असल्याचा देखावा उभा केला आणि खरा गठ्ठा व्यापारी मालाप्रमाणे पुढे नेला. निर्भय माणसे अशी खटपट करीत नाहीत. आधी वाटेत त्यांना एक इंग्रज अधिकारी भेटला होता, त्याने देह तेथेच पुरण्याचे सुचवले, ते मात्र त्यांनी ऐकले नाही. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन यांचा दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला जेकब होता. ते ओझे एकट्याच्या खांद्यावर निभावले नसते, खांदे बदलत गेले म्हणून ते समुद्रापर्यंत पोहोचले.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटाने धीर उत्पन्न होतो असे म्हटले आहे. तेथील ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ असा आहे, आणि त्याची फोड केली तर ‘खाली टिकून राहणे’ असा अर्थ निघतो. ओझे डोक्यावर आहे, पाय कापत आहेत, पण मनुष्य खालून निसटत नाही. आपल्या मराठीत धीर ‘धरतात’ तसाच तो ‘देतात’ही. माझ्या दृष्टीने दुसरे क्रियापद अधिक महत्त्वाचे आहे, कारण ज्याच्या हातात कोणी काही दिलेच नाही त्याने धरावे तरी काय?

आता आपण करावयाच्या गोष्टी. एलीया संदेष्ट्याची कथा आपल्याला ठाऊक आहे: ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून तो रानात पळाला, झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले आणि तेथेच झोपी गेला. देवदूताने त्याला उठवले ते उपदेश करण्यासाठी नव्हे. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू त्याच्या उशाशी ठेवलेला होता. तो खाऊन पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावले, कारण वाट लांबची होती. म्हणून त्या आठ दिवसांत उपवास करू नका. रात्रीचे जेवण चुकवू नका, आणि मध्यरात्री मोबाइलवर आजाराची माहिती शोधत बसू नका. भीती वाटते हे आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. शक्यतो तपासणी आणि निकाल यांच्यामध्ये फार दिवस जाणार नाहीत अशा तारखा मागून घ्या. तपासणी झाल्यावरही झोप परत येत नसेल, छातीची धडधड रोजची झाली असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाण्यात विश्वासाला कसलाही कमीपणा नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. तपासणी मात्र भीतीमुळे कधीही पुढे ढकलू नका, आणि प्रार्थना केली आहे, आता तपासणी कशाला, असे कोणी सुचवल्यास त्याचे मुळीच ऐकू नका.

पाकीट मुलाच्या हातात देता, त्याची लाज बाळगू नका. त्याच्याशिवाय आपल्या महिला मंडळातील एका बाईंना पुढच्या तारखेला बरोबर चला म्हणून आजच सांगून ठेवा. प्रार्थनेला लांबलचक शब्द सुचत नसतील, तर मार्काच्या नवव्या अध्यायातील त्या बापाची प्रार्थना पुरेशी आहे. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असे एका दमात दोन्ही बोलून तो मोकळा झाला, आणि त्याच्या मुलाला बरे करताना प्रभूने आधी त्याच्या विश्वासाचे वजन करून घेतले नाही.

हा अंक त्या ज्येष्ठ बंधूंच्याही हाती पडेल. बंधूंनो, आपण बोललात ते वाईट हेतूने बोलला नाहीत हे मी जाणतो. आपल्या पत्नीला बरोबर घेऊन पुढच्या तपासणीच्या दिवशी या भगिनीबरोबर दवाखान्याच्या बाकावर दोन तास बसा, आणि वचनाचा उरलेला अर्धा भाग पुरा करा.

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. माझी तीन एकर द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी काढणीच्या तोंडावर गारपीट झाली आणि सगळा माल गेला. त्या हंगामात आम्ही घरातल्या सर्वांनी बागेसाठी उपवास आणि प्रार्थना केली होती. रस्त्यापलीकडच्या बागेचे फारसे नुकसान झाले नाही. आता गोडी छाटणी तोंडावर आली आहे, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे आणि आभाळ भरून आले की पोटात गोळा येतो. प्रार्थनेला बसतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. विश्वास ठेवून छाटणी करावी की बाग काढून टाकावी?
– एक तरुण शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : प्रिय बंधू, सलाम. बाग ठेवावी की काढावी, याचे उत्तर विश्वासातून निघत नाही, ते हिशेबातून निघते, आणि पाळकाने त्यात तोंड घालू नये. वही घेऊन घरच्यांबरोबर बसा, सोसायटीच्या सचिवांना भेटा, पीकविमा आणि कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल विचारा, आणि तुमच्यापेक्षा दहा छाटण्या जास्त पाहिलेल्या एखाद्या बागायतदाराचे मत घ्या. बाग काढली तर तुमचा विश्वास कमी पडला असे होत नाही, आणि ठेवली तर देवाला भीड घातली असेही होत नाही.

रस्त्यापलीकडची बाग तुमच्या मनात सलते आहे, हे पत्रात दिसते. नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर तो सारखाच पाऊस पाडतो, असे प्रभूने म्हटले आहे. गारांचा ढगही कोणाच्या बागेवर प्रार्थना झाली हे विचारून फुटत नाही, म्हणून त्या दुपारचा निवाडा करून स्वतःला दोषी ठरवू नका.

हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट आपल्याकडे पिकांच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत आवडीने वाचला जातो: अंजीर फुलला नाही, वेलीला द्राक्षे आली नाहीत, जैतुनाने दगा दिला, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. वाचणारे सतराव्या वचनापासून सुरुवात करतात. सोळावे कोणी वाचत नाही. त्यात हा संदेष्टा सांगतो की ऐकून माझे पोट थरथरले, ओठ कापले, हाडे कुजल्यासारखी झाली आणि मी उभ्या जागी कापू लागलो. ज्याच्या पोटात तुमच्यासारखाच गोळा आला होता, त्याने ते ‘तरी’ उच्चारले आहे, आणि पुढच्या हंगामात वेल लागेल असे तो कोठेही म्हणत नाही. तेथे कसलेही आश्वासन नाही, आणि तुम्हालाही मी देत नाही.

शब्द फुटत नसतील तर न बोलता बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाप्रमाणे शब्दांत न सांगता येणारे कण्हणेही प्रार्थनेतच धरले जाते. एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारतो. जीव नकोसा वाटतो, असा विचार मनात येऊन जातो का? येत असेल, तर आज संध्याकाळपर्यंत घरातल्या एका माणसाला ते तोंडाने सांगा, वर दिलेल्या क्रमांकावर फोन करा, आणि मासिकाच्या पत्त्यावर मला लिहा. मी निफाडला येईन.

प्रश्न : सलाम. माझा सात वर्षांचा नातू रात्री दचकून उठतो आणि खोलीत कोणीतरी आहे म्हणून रडतो. मी त्याच्या उशाखाली पवित्र शास्त्र ठेवते. मुलगा मला हसतो आणि ही अंधश्रद्धा आहे म्हणतो. माझे चुकते का?
– एक आजी, देवळाली कॅम्प

उत्तर : आदरणीय आजी, सलाम. माझी आईही ठेवत असे, म्हणून हसण्याचा अधिकार मला नाही. तिच्या पुस्तकातील एक्याण्णवाव्या स्तोत्राचे पान बोटांच्या तेलाने इतके पिवळे पडले होते की ‘रात्रीचे भय’ हे शब्द शोधावे लागत नसत, पुस्तक आपोआप तेथेच उघडे. परंतु त्याच स्तोत्रातील वचन मंदिराच्या शिखरावर सैतानानेही प्रभूला म्हणून दाखवले होते, हे विसरू नये. नुसते पुस्तक जवळ असल्याने किंवा वचन तोंडपाठ असल्याने भीतीला अडसर बसत नाही.

तेव्हा पुस्तक उशाखालून काढा आणि दिवा चालू ठेवून त्या स्तोत्रातील चार ओळी नातवाला मोठ्याने वाचून दाखवा. खोलीत कोणी नाही असे त्याला पटवत बसू नका. कोठे दिसते ते विचारा, त्याच्याबरोबर उठून त्या कोपऱ्यात जा, कपाटामागे दोघांनी मिळून पाहा. मग तो झोपेपर्यंत खाटेच्या कडेला बसून राहा. तुम्हाला पाठीचा त्रास असेल तर ते काम हसणाऱ्या चिरंजिवांना सांगा. पुस्तक रात्री मेजावर ठेवावे, कारण उशाखाली त्याची शिवण उसवते आणि जुन्या पुस्तकांना नीट बांधणी करून देणारे हात आता सहजासहजी सापडत नाहीत.